औषध सुरू झाल्यावर रुग्ण झोपेत चालू लागला, तर लपवू नका आणि गोळी परस्पर बंद करू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खानापूर येथे माझे औषधांचे दुकान आहे. आमच्या तालुक्यातील मनोरुग्णांचे नातेवाईक उपचारासाठी कुणी बेळगावला, कुणी धारवाडला, कुणी मिरज-कोल्हापूरला, तर जांबोटी-कणकुंबीकडचे पुष्कळ जण गोव्यातील बांबोळीला जातात; औषधे मात्र महिन्याच्या महिन्याला गावाजवळच्या दुकानातूनच घेतात. त्यामुळे डॉक्टरांना तीन महिन्यांनी कळणारी गोष्ट पुष्कळदा आमच्या कानावर आधी येते. अशीच एक तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. गोळ्या सुरू झाल्यापासून माणूस रात्री अंथरुणातून उठतो, घरभर फिरतो, कधी कडी काढून अंगणात जातो, हाक मारली तर ओळख दाखवत नाही आणि सकाळी विचारले तर त्याला काहीच आठवत नाही. ही तक्रार नातेवाईक फार उशिरा आणि आवाज खाली आणून सांगतात, आणि बहुतेक वेळा तिच्या जोडीला दुसरे वाक्य येते की, "म्हणून आम्ही गोळ्या बंदच केल्या." या दुसऱ्या वाक्याची मला खरी धास्ती वाटते, आणि त्याविषयीच आपल्या वृत्तपत्रातून चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे.

झोपेत चालणे ही वैद्यकशास्त्राला चांगली परिचित असलेली अवस्था आहे. झोप लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, म्हणजे रात्रीच्या साधारण पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात, माणूस सर्वांत गाढ झोपेत असतो. या गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा होतो. हातापायांच्या हालचाली घडवणारा भाग कामाला लागतो, पण भान, निर्णय आणि स्मरण यांचे भाग झोपलेलेच राहतात. म्हणून डोळे उघडे असतात, दाराची कडी निघते, पायऱ्या उतरल्या जातात, परंतु आपण काय करीत आहोत याची जाण नसते. लहान मुलांमध्ये हे बऱ्यापैकी आढळते आणि वय वाढेल तसे बहुतेकांचे आपोआप थांबते. काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या दिसते. प्रौढ वयात ते नव्याने सुरू झाले, तर मात्र कारण शोधावे लागते, आणि त्या कारणांत औषधांचा विचार अगदी आरंभी करावा लागतो.

मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांत लिथियमचे स्थान मोठे आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग होतो हे प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय विकाराच्या (ज्यात मन कधी उन्मादाच्या, तर कधी नैराश्याच्या टोकाला जाते) असंख्य रुग्णांचे संसार या साध्या क्षाराने सावरले आहेत. लिथियममुळे गाढ झोपेचे प्रमाण वाढते, हे झोपेच्या अभ्यासांतून दिसून आलेले आहे. झोपेत चालणे नेमके याच झोपेतून उद्भवत असल्याने या दोहोंचा संबंध असू शकतो असे मानण्यास आधार आहे. लिथियम आणि मनोविकारावरील दुसरे एखादे औषध एकत्र घेणारे रुग्ण झोपेत चालू लागल्याच्या नोंदी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वैद्यकीय नियतकालिकांत येत आहेत. "एकत्र" हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळ नोंदींत लिथियम एकटे नव्हते.

२०१८ मध्ये औषधांमुळे होणाऱ्या निद्राभ्रमणाच्या, म्हणजे झोपेत चालण्याच्या, उपलब्ध नोंदींचा एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. त्यात प्रामुख्याने चार गटांतील २९ औषधांशी हा परिणाम जोडलेला आढळला. हे गट म्हणजे झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या, नैराश्यावरील औषधे, मनोविकृतीवरील औषधे आणि रक्तदाब व हृदयविकारासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील औषधे. सर्वांत भक्कम पुरावा ज्यांच्याबाबत मिळाला त्यांत झोल्पिडेम ही आपल्याकडेही बरीच खपणारी झोपेची गोळी आहे. बायपोलर रुग्णांना लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट (मनःस्थिती स्थिर ठेवणारे, फिट्सवरही दिले जाणारे औषध) यांच्या जोडीला अनेकदा क्वेटियापिन वा ओलान्झापिन ही मनोविकृतीवरील औषधे दिली जातात आणि या दोन्ही औषधांवर रुग्ण झोपेत चालल्याची प्रकरणे नोंदलेली आहेत. व्हॅल्प्रोएट आणि झोल्पिडेम एकत्र आल्यावर असे घडल्याचेही नोंदलेले आहे. म्हणून "लिथियमने माणूस झोपेत चालतो" असे सरसकट विधान कुणी करू नये. ही औषधे घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना वर्षानुवर्षे असा त्रास होत नाही. परंतु तो होऊ शकतो, आणि झालाच तर तो औषधांच्या संपूर्ण यादीकडे बोट दाखवतो, एवढे निश्चित.

ही संपूर्ण यादी एका माणसाच्या डोळ्यांखाली येणे, हीच आपल्या सीमाभागात सर्वांत अवघड गोष्ट आहे. मनाच्या आजाराचा डॉक्टर मिरजेत किंवा धारवाडला असतो, रक्तदाबाचा बेळगावात, पाठदुखीचा गावातच. मनाच्या आजाराची फाईल लोक संकोचाने घरी ठेवतात, त्यामुळे झोप लागत नाही म्हणून दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलेल्या रुग्णाला झोल्पिडेम लिहून मिळते आणि तो आधीपासून लिथियम घेतो याची त्या डॉक्टरांना कल्पनाही नसते. वास्तविक झोल्पिडेम ही शेड्यूल एच-वन मधील गोळी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही आणि तिच्या विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. पण नोंदवहीत एका गोळीची विक्री दिसते, त्या रुग्णाच्या उशाखालची बाकीची पाकिटे दिसत नाहीत. शेजाऱ्याची उरलेली झोपेची गोळी "एक रात्र घेऊन बघ" म्हणून दिली जाते, तिची तर कुठेच नोंद होत नाही.

दुसरा धोका दुखण्यावरच्या गोळ्यांचा आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांमुळे मूत्रपिंडावाटे लिथियम बाहेर पडणे कमी होते आणि रक्तातील त्याची पातळी वाढते. रक्तदाबावरील काही औषधांनीही तसेच होते. उन्हाळ्यात दिवसभर उसाच्या फडात राबणाऱ्या किंवा जुलाबाने अंगातील पाणी गमावलेल्या माणसाचीही पातळी वाढू शकते. लिथियमची उपयुक्त पातळी साधारणतः प्रतिलिटर ०.६ ते १.० मिलिमोल एवढ्या अरुंद पट्ट्यात असते आणि १.५ च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. हात जोराने थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे, उलट्या, जुलाब आणि गोंधळलेपणा ही ती लक्षणे होत. रात्री अडखळत, असंबद्ध बोलत फिरणारा प्रत्येक रुग्ण झोपेतच चालत असतो असे नाही. तो जागा असून विषबाधेने गोंधळलेला असू शकतो, आणि तसे असेल तर त्याला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे लागते. या तपासणीसाठी रक्त शेवटची मात्रा घेतल्यानंतर बारा तासांनी द्यायचे असते. सकाळची गोळी घेऊन प्रयोगशाळेत जाणारे रुग्ण आमच्या भागात पुष्कळ आहेत, कारण त्यांना हे कुणी समजावून सांगितलेलेच नसते.

झोपमोड हेही झोपेत चालण्याचे एक ओळखलेले कारण आहे. पुरेशी झोप न मिळालेला मेंदू पुढच्या रात्री अधिक खोल झोपतो आणि त्या झोपेतून अर्धवट जागा होण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे शेतीपंपाला वीज रात्री-अपरात्री मिळते म्हणून मोटार चालू करायला मध्यरात्री शेतावर जाणारे शेतकरी, गळीत हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॅक्टरवर असणारे चालक, यात्रेच्या दिवसांत जागरणे करणारी माणसे यांच्यात मनाच्या आजाराची औषधे घेणारेही असतात. बायपोलर विकारात जागरण दुहेरी घातक असते, कारण त्याने उन्मादाचा झटकाही येऊ शकतो. रात्रीचे पाणी पाजायला घरातील दुसऱ्या कुणी जावे, एवढी व्यवस्था कुटुंबाने केली तरी पुष्कळ साधते. मात्र दोन एकर जमीन आणि एकच कर्ता पुरुष असलेल्या घराला हे सांगणे किती कठीण आहे, याची मला जाणीव आहे. वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा प्रश्न हा आरोग्याचाही प्रश्न आहे, असे मला वाटते. त्यावर मद्याची भर पडली की धोका आणखी वाढतो.

आता लपवण्याविषयी. रात्री उठून चालणारा माणूस दिसला की घरातील वडीलधाऱ्यांना पहिली शंका "बाहेरचे काही लागले" अशी येते. अमावास्या जवळ असेल तर ती पक्की होते. देवऋषाकडे फेऱ्या होतात, अंगारा आणला जातो, दोरा बांधला जातो. देवावरील कुणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा माझा हेतू नाही. देवळात अवश्य जावे, पण जाताना गोळ्यांचे पाकीट घरी फेकून जाऊ नये, एवढीच विनंती आहे. मुलगी लग्नाची असेल तर गोष्ट आणखी खोल पुरली जाते. आधी तिचा आजार लपवलेला असतो, मग तिची औषधे लपवली जातात आणि मग हा नवा परिणामही लपवला जातो. अशा मुलीची आई दुकानात येऊन इकडेतिकडे पाहत, गर्दी ओसरण्याची वाट पाहत उभी राहते, तेव्हा तिला आधी धीर द्यावा लागतो आणि मग औषधाविषयी बोलावे लागते. औषधाने अंगावर पुरळ आले तर आपण डॉक्टरांना लगेच दाखवतो. झोपेत चालणे हीदेखील त्याच मोकळेपणाने सांगण्याची गोष्ट आहे. तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

औषध परस्पर बंद करण्याचे परिणाम फार गंभीर आहेत. लिथियम एकाएकी थांबवल्यास उन्मादाचा किंवा नैराश्याचा झटका पुन्हा येण्याची शक्यता वाढते, विशेषतः पुढच्या काही महिन्यांत. आत्महत्येचा धोका कमी करण्यात लिथियमचा लाभ अनेक अभ्यासांत दिसला आहे आणि ते सोडल्यावर हे संरक्षणही जाते. व्हॅल्प्रोएट एकदम बंद केल्यास, विशेषतः ज्यांना आधीपासून फिट्स येतात अशा रुग्णांत, झटके येऊ शकतात. म्हणजे रात्रीच्या एका फेरीला घाबरून घरचे लोक रुग्णाला त्याहून मोठ्या संकटाकडे ढकलतात. झोल्पिडेमबाबत मात्र सल्ला निराळा आहे आणि तो नीट लक्षात ठेवला पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये या गटातील औषधांवर सर्वांत कडक इशारा छापण्याचा आदेश दिला. रुग्ण ही गोळी घेऊन एकदा जरी झोपेत चालला, वाहन चालवले किंवा जागेपणी करायचे असे दुसरे काही झोपेत केले, तरी ती पुन्हा देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे झोपेची गोळी घेणाऱ्या रुग्णाला असे झाल्यास पुढची मात्रा घेण्यापूर्वी, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

डॉक्टरांच्या हाती बरेच उपाय असतात. लिथियमची पातळी पाहून मात्रा कमी करता येते, गोळ्यांच्या वेळा बदलता येतात, जोडीचे एखादे औषध हळूहळू काढता येते किंवा बदलता येते. या औषधांपैकी काहींनी वजन वाढते आणि वजन वाढल्याने झोपेत श्वास अडखळण्याचा विकार जडू शकतो. मोठ्याने घोरणारा, मध्येच गुदमरल्यासारखा दचकणारा रुग्ण असेल तर त्या विकारावर उपचार केल्याने चालणेही थांबू शकते. मेंदूच्या पुढच्या भागातून उद्भवणारी अपस्माराची फिटही रात्री विचित्र हालचालींच्या रूपाने दिसते. ती बहुधा थोडा वेळ टिकते, एकाच रात्री अनेकदा येते आणि प्रत्येक वेळी जवळजवळ सारखीच असते. उतारवयातील पुरुष पहाटेच्या सुमारास स्वप्नातील मारामारी अंथरुणातच करू लागले, तर तो आणखी वेगळा विकार असतो. हा फरक डॉक्टरांना कळावा म्हणून घरच्यांनी प्रकार कितव्या तासाला झाला, किती वेळ चालला, रुग्ण काय बोलला आणि त्या दिवशी कोणकोणत्या गोळ्या घेतल्या होत्या हे वहीत लिहून ठेवावे. मोबाईलवर चित्रण करता आले तर फारच उत्तम.

तोपर्यंत घरात काळजी घ्यायलाच हवी. आपल्याकडची घरे लक्षात घेता मला सर्वांत जास्त भीती परसातील उघड्या आडाची वाटते. त्यावर जाळी बसवावी. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा माळ्यावर झोपण्याची सवय अशा रुग्णापुरती मोडावी आणि त्याला खालच्या खोलीत झोपवावे. विळे, कोयते, फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत, गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, मोटारसायकलची चावी रुग्णाच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी आणि दाराला घुंगरू किंवा घंटा बांधावी. रुग्णाला खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावू नये, कारण आग लागली तर तो आतच अडकेल. झोपेत चालणाऱ्याला जागे केले तर तो मरतो, ही समजूत खोटी आहे. मात्र त्याला हलवून, ओरडून जागे केल्यास तो गोंधळून हात उगारू शकतो, म्हणून हळू आवाजात बोलत, खांद्याला हलकेच वळवत त्याला अंथरुणाकडे न्यावे.

आणखी एका गोष्टीची नोंद येथे करणे मला आवश्यक वाटते. आमच्या तालुक्यातील पुष्कळ वयस्कर मराठी माणसांना कन्नड वाचता येत नाही आणि इंग्रजी तर त्याहून दूर. औषधाच्या पाकिटावरील सूचना इंग्रजीत, रुग्णालयातील फलक व पत्रके बहुधा कन्नडमध्ये. हा वाद मला भाषेच्या राजकारणात न्यायचा नाही. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेतील कन्नड डॉक्टर मोडक्यातोडक्या मराठीत आमच्या लोकांशी किती आपुलकीने बोलतात, हे त्यांच्याकडून आलेले रुग्णच मला सांगतात. परंतु दुष्परिणाम हा विषय रुग्णाला ज्या भाषेत कळतो त्याच भाषेत सांगितला गेला पाहिजे. सून रात्री उठून कुठे चालली हे सासूने डॉक्टरांना सांगायचे असेल, तर त्यासाठी तिची स्वतःचीच भाषा लागते. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य योजनेखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांची सेवा देण्याची व्यवस्था आहे. खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि बेळगाव तालुक्यांत त्या दिवशी मराठी जाणणारा एक समुपदेशक असावा आणि लिथियम, व्हॅल्प्रोएट व झोपेच्या गोळ्यांसंबंधी एक पानी मराठी सूचनापत्र द्यावे, अशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. ते पत्रक मोफत छापून देण्यास आमच्यासारखे औषधविक्रेते आनंदाने पुढे येतील, याविषयी मला शंका नाही. मनोविकारतज्ज्ञांनाही विनंती की, ही औषधे सुरू करताना "लहानपणी झोपेत चालायचा का, घरात कुणी चालायचे का" एवढे दोन प्रश्न विचारावेत आणि पुढच्या भेटीत रात्रीची चौकशी रुग्णाबरोबर त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाकडेही करावी, कारण रुग्णाला स्वतःला ते ठाऊकच नसते.

असे परिणाम सरकारदरबारी नोंदवण्याची सोय आहे, हेही फार थोड्यांना माहीत आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत औषध दक्षता कार्यक्रम चालवला जातो. औषधाचा दुष्परिणाम झाल्याची नुसती शंका असली, तरी रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक स्वतः तो कळवू शकतो. सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. त्यासाठीचा ग्राहकांचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कामाच्या दिवशी दूरध्वनी करता येतो. मन अस्वस्थ असेल आणि डॉक्टर लांब असतील, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आपण हे दोन्ही क्रमांक आपल्या बेळगाव आवृत्तीत ठळक चौकटीत छापावेत आणि दर महिन्याला पुन्हा छापत राहावे, ही नम्र विनंती. मी ते कात्रण माझ्या दुकानाच्या दर्शनी काचेवर लावीन आणि तालुक्यातील इतर औषधविक्रेत्यांनाही तसे करण्यास सांगेन.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता,
खानापूर, जि. बेळगाव